वहीतले मासे आणि नदीतले मासे: एका ट्राउट क्लबचं प्रकरण

पार्श्वभूमी

ट्राउट मासे गळाने धरणाऱ्या हौशी लोकांचा हा क्लब दक्षिण इंग्लंडमधल्या एका छोट्या नदीवर आहे. नदीचं, क्लबचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून आकडे ढोबळ ठेवलेत, एक-दोन तपशील बदललेत. मी या क्लबचा सभासद आहे आणि पाण्यातल्या किड्यांचे नमुने घेणाऱ्या गटात काम करतो.

नदी खडूच्या खडकातून येते. अशा नद्या जगात मोजक्याच आहेत आणि त्यातल्या बहुतेक इंग्लंडमध्ये. पावसाचं पाणी टेकड्यांत मुरतं, महिनोन्महिने खडकात राहतं आणि झऱ्यांवाटे बाहेर पडतं. झऱ्याच्या तोंडाशी ते जानेवारीतही १०-११ अंशांचं असतं आणि जुलैतही. पावसाळ्यात लोंढा आणि मे महिन्यात डबकी, हे आपल्याकडचं चक्र तिथे नाही. पाणी नितळ, तळाला खडी आणि या थंड पाण्यात मूळचा राहणारा ब्राऊन ट्राउट.

इंग्लंडमध्ये अशा नदीत मासे धरण्याचा हक्क सहसा काठच्या जमीनमालकाचा असतो. क्लब तो भाड्याने घेतो. आमच्या पट्ट्याचे तीन मालक आहेत. सगळ्यात लांब काठ आहे तो एका दूधवाल्या शेतकऱ्याचा, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे. हंगाम १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. मासेमारी फक्त कृत्रिम माशीच्या (किड्यासारख्या दिसणाऱ्या बनावट आमिषाच्या) गळाने, गळाला उलटा काटा नाही, आणि बहुतेक मासे परत पाण्यात. सभासदांच्या वर्गणीतून काठाचं भाडं, नदीची देखभाल करणाऱ्या अर्धवेळ कीपरचा पगार आणि दर वसंतात मत्स्यशेतीतून आणून नदीत सोडायच्या ट्राउटचा खर्च निघतो. २०१५ पासून इंग्लंडच्या नद्यांत सोडायचे ब्राऊन ट्राउट एकतर वांझ असावे लागतात किंवा त्याच भागातल्या जंगली माशांपासून वाढवलेले, म्हणजे मूळच्या माशांच्या वंशात भेसळ होत नाही. आमचा क्लब वांझ मासे घ्यायचा.

काठावर लाकडी खोपटं आहे, त्यात एक वही. कोणी किती मासे धरले, कुठे, कोणत्या माशीवर, ते प्रत्येकाने लिहायचं. या वहीवर क्लबचा फार विश्वास होता.

अडचण

२०२२ चा उन्हाळा इंग्लंडमध्ये कोणी विसरणार नाही. १९ जुलैला देशात पहिल्यांदा पारा ४० अंशांच्या वर गेला आणि ऑगस्टमध्ये बऱ्याच भागांत दुष्काळ जाहीर झाला. आमच्या खालच्या पट्ट्यात पाणी इतकं उतरलं की दुपारी ते तापायला लागलं. ट्राउटला १९-२० अंशांच्या पुढे त्रास होतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि गळाशी झटापट करून दमलेला मासा सोडला तरी बऱ्याचदा वाचत नाही. समितीने हंगामाच्या मध्यात नियम केला: सकाळी पाणी १९ अंश असेल तर त्या दिवशी गळ टाकायचा नाही. वर्गणी भरलेल्या लोकांना हे झोंबलं. भांडणं झाली, पण नियम टिकला.

खरी अडचण ही नव्हती, मात्र सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. संध्याकाळी पाण्यावर उठणारे किडे काही वर्षांपासून कमी झालेत, असं दोन-तीन जुने सभासद सांगत होते. विशेषतः उन्हाळ्यातला ब्लू-विंग्ड ऑलिव्ह, ज्यावर पूर्वी अंधार पडेपर्यंत मासे वर येत. समितीत यावर उत्तर ठरलेलं असे: वही बघा, मासे दरवर्षी तेवढेच लागताहेत. शिवाय मे महिन्याच्या शेवटी मोठ्या मे-फ्लायचे थवे उठत होतेच, पहिल्यापेक्षाही दाट. मग नदी बिघडली कशी म्हणायची?

नमुन्यांनी काय सांगितलं

इंग्लंडमध्ये गळवाल्यांनीच नदीतले किडे मोजायची एक पद्धत २००७ पासून देशभर रुजली आहे. जाळी तळाशी उभी धरायची, तिच्या वरच्या अंगाला उभं राहून बुटाने खडी उकरायची, एकूण तीन मिनिटं. मग एक मिनिट दगड हाताने उलटून पाहायचे. जे सापडेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. आठ गट मोजायचे: घर करून राहणाऱ्या कॅडिस किड्याच्या अळ्या, बिनघराच्या कॅडिस अळ्या, मे-फ्लाय, ब्लू-विंग्ड ऑलिव्ह, चपट्या अंगाच्या अळ्या, साधे ऑलिव्ह, स्टोनफ्लाय आणि गोड्या पाण्यातला बारीक झिंगा. एक ते नऊ सापडले तर एक गुण, दहा ते नव्व्याण्णव दोन, शंभराच्या पुढे तीन, हजाराच्या पुढे चार. प्रत्येक जागेसाठी एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेचे तज्ज्ञ एक किमान गुणसंख्या ठरवून देतात. त्याखाली गेलं की पुन्हा नमुना घ्यायचा आणि कळवायचं.

पद्धत साधी आहे म्हणून कोणी तिला हसू नये. जुलै २०१३ मध्ये केनेट नदीत मार्लबरोपाशी क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक गेलं आणि सुमारे १५ किलोमीटरपर्यंत किडे आणि झिंगे नाहीसे झाले. ते प्रथम लक्षात आलं ते अशाच हौशी मोजणाऱ्यांच्या. मासे तोपर्यंत धडधाकट दिसत होते.

आमच्या गटाने २०२१ मध्ये मोजणी सुरू केली, पण दोनच जागी, आणि दोन्ही जागा गावच्या सांडपाणी केंद्राच्या खाली. कारण काय, तर तिथे गाडी काठापर्यंत जाते. जून २०२३ च्या नमुन्यात दोन्ही जागांचे गुण किमान पातळीच्या बरेच खाली आले. ट्रेमधलं पाणी जरा निवळू दिलं तेव्हा त्यात काय होतं ते सांगतो. झिंगे कडेकडेने एका कुशीवर सरपटत होते, भरपूर. मे-फ्लायच्या लांबट, फिक्या अळ्या होत्या, कल्ले पिसांसारखे हलवत. थोडे साधे ऑलिव्ह, घरवाले कॅडिस दोन-चार. चपटी अळी एकही नाही. ब्लू-विंग्ड ऑलिव्हची एकही नाही, आणि जून हा तर तिचा ऐन महिना. ट्रेच्या तळाशी मात्र बोटभर तपकिरी गाळ बसला होता.

या यादीतच निदान होतं. विष असतं तर झिंगे आधी गेले असते. मे-फ्लायची अळी गाळ-वाळूत बीळ करून राहते, तिला गाळ वाढला तर बरंच. चपटी अळी दगडाला चिकटून असते आणि ब्लू-विंग्ड ऑलिव्हची अंडी कित्येक महिने तळाशी पडून असतात. त्या दोघींना बारीक गाळ मारक. म्हणजे मे महिन्यातले ते दाट थवे नदी ठणठणीत असल्याची खूण नव्हती, उलट होती.

एजन्सीच्या सूचनेनुसार दुसरा नमुना घेतला, निकाल तोच. संशय अर्थातच सांडपाणी केंद्रावर. २०२३ साली इंग्लंडमधल्या पावसाळी सांडव्यांतून (पावसात जास्तीचं सांडपाणी बाहेर सोडणाऱ्या वाटांतून) साडेचार लाखांहून जास्त वेळा न शुद्ध केलेलं पाणी नद्यांत आणि समुद्रात गेलं, वर्तमानपत्रं रोज तेच छापत होती. आमच्या केंद्राचा सांडवाही त्यात होता. समितीतल्या दोघांनी पाणी कंपनीला वकिलाची नोटीस देण्याचा मसुदासुद्धा तयार केला.

गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेने तेव्हा विचारलं, केंद्राच्या वर कोणी जाळी टाकली आहे का? नव्हती टाकली. मग केंद्राच्या वर अर्ध्या मैलावर नमुना घेतला: गुण तेवढेच कमी, गाळ तेवढाच. आणखी वर, एका जुन्या पांदीचं तोंड जिथे नदीला मिळतं त्याच्याही वर घेतला: आठपैकी सात गट हजर, चपट्या अळ्या ट्रेच्या कडेला घट्ट बसलेल्या. पाणी कुठेतरी मुरतंय हे सगळ्यांना माहीत होतं, ते कुठे हे आता अर्ध्या मैलात सापडलं.

पांद

उरलेलं उत्तर पावसाने दिलं. नोव्हेंबरात कीपर आणि मी मुसळधार पावसात ती पांद वर चालत गेलो. वर उतारावर मक्याचं शेत. मका गाईंच्या मुरघासासाठी. ऑक्टोबरच्या शेवटी, ओल्या जमिनीत, ठेक्याच्या यंत्रांनी कापलेला. जमीन उघडी, चाकांनी दाबून कडक झालेली, आणि चाकांच्या खुणा थेट उताराच्या दिशेने. शेतातलं पाणी फाटकातून पांदीत येत होतं आणि पांद कालव्याच्या चारीसारखी भरून वाहत होती, चहाच्या रंगाचं पाणी घेऊन. खाली ते नदीत शिरत होतं तिथे अर्धी नदी नितळ आणि अर्धी गढूळ, मधली रेघ स्पष्ट दिसत होती. कीपरने मोबाइलवर चित्रण केलं.

ट्राउटची वीण तिथे डिसेंबरच्या सुमारास असते. मादी शेपटीने खडीत खळगा करते, अंडी घालते, वर खडी ओढते. अंडी खडीतून वाहणाऱ्या पाण्यातल्या प्राणवायूवर जगतात. फटी गाळाने भरल्या की ती तिथेच गुदमरतात. मका कापल्यानंतरचा पाऊस आणि माशांची वीण एकाच वेळी येत होती, दरवर्षी.

आणि शेत होतं त्याच दूधवाल्या शेतकऱ्याचं, ज्याच्या काठावर क्लब उभा होता. भाडेकरार दीड वर्षात संपणार होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पाणी कंपनीवर दाव्याचा, कारण मसुदा तयार होता आणि राग खरा होता. इंग्लंडमध्ये मासेमारी क्लबांनी असे दावे जिंकल्याचा इतिहास आहे. १९५३ मध्ये डार्बीच्या एका क्लबने डरवेंट नदीच्या प्रदूषणाबद्दल कारखाना, नगरपालिका आणि वीज मंडळ या तिघांविरुद्ध अपिलातही मनाई हुकूम टिकवला. पण आमच्या हातातले आमचेच आकडे सांगत होते की घसरण केंद्राच्या वर सुरू होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालं असतं.

शेतकऱ्याची रीतसर तक्रार करता आली असती. शेतातली माती पाण्यात जाऊ नये म्हणून वाजवी खबरदारी घेणं २०१८ च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. कायदा क्लबच्या बाजूने होता, भाडेकरार नव्हता.

त्याच्याशी बोलायचं, हा तिसरा रस्ता. समितीतल्या काहींना हे मिळमिळीत वाटलं.

आणि चौथा, ज्याला सर्वसाधारण सभेत सगळ्यात जास्त हात वर झाले असते: मासे जास्त सोडायचे. किडे कमी असले तरी वहीत मासे दिसत राहतात, सभासद टिकतात. माझ्या मते हाच सर्वात घातक पर्याय होता, कारण तो आधीपासून चालूच होता. वहीतले मासे कुठले, नदीत जन्मलेले की ट्रकमधून आलेले, हे त्या वहीत कुठेच नव्हतं. दर वसंतात नदीत मासे ओतून आपण नदीची नाडी बघतोय असं समजायचं, असा तो प्रकार.

निर्णय आणि कृती

सर्वसाधारण सभा जानेवारी २०२४ मध्ये होती. समितीने ठरवलं की सभेत हा विषय निघण्याआधी शेतकऱ्याच्या कानावर तो आमच्या तोंडून गेला पाहिजे. या एका निर्णयाने सगळं प्रकरण वेगळ्या वाटेने गेलं, असं मला वाटतं. कीपर त्याच्याच गावचा, म्हणून तो आणि खजिनदार, दोघेच गेले. अध्यक्षांना मुद्दाम नेलं नाही. ते वकील आहेत. नियमांचा उल्लेख करायचा नाही, आधी चित्रण दाखवायचं, असं ठरलं होतं.

शेतकऱ्याने ते दोनदा पाहिलं. एवढ्या पावसात तो गोठ्यात असतो, पांदीकडे कशाला जाईल? त्याला खटकली ती माती, कारण ती त्याच्याच शेतातली. मका लवकर निघणाऱ्या वाणाचा घेता येईल, पण कापणीचं यंत्र ठेकेदाराचं, तो सवडीने येतो, हेही त्याने सांगितलं. दुधाच्या दरात जास्तीचा खर्च बसत नाही, हे सांगायलाही तो विसरला नाही.

मग सरकारी शेती सल्लागाराला बोलावलं. पाणलोटातल्या शेतकऱ्यांना असा सल्ला फुकट मिळतो आणि सल्लागार तपासनीस म्हणून येत नाही, हे कीपरने आधीच स्पष्ट केलं होतं. त्यातून ठरलं ते असं. लवकरचं वाण, म्हणजे कापणी सप्टेंबरात. मक्याच्या ओळींत गवत पेरायचं, म्हणजे मका निघाला तरी जमीन उघडी पडत नाही. उताराच्या पायथ्याशी गवताचा रुंद पट्टा. उताराच्या तोंडावरचं फाटक बंद करून नवं वरच्या कोपऱ्यात. पट्टा आणि हिवाळी आच्छादनासाठी सरकारी योजनेतून तीन वर्षं पैसे मिळणार होते. फाटकाचा आणि पांदीतल्या आडव्या चरांचा, गाळ अडवणाऱ्या खड्ड्याचा खर्च क्लबने उचलला.

तो खर्च भागवायला मासे सोडण्याचे पैसे कापले. सभेत यावर रात्री उशिरापर्यंत खडाजंगी झाली. शेवटी तडजोड: वरच्या पट्ट्यात एकही मासा सोडायचा नाही, खालच्या पट्ट्यात सोडायचे, पण पूर्वीच्या निम्मे, आणि प्रत्येकाच्या पोटावर निळ्या रंगाचा ठिपका मारून. मत्स्यशेतीवाले हा ठिपका मारून देतात. वहीत एक रकाना वाढला: ठिपका आहे / नाही.

काय झालं

खड्डा आणि चर सभेच्या आधीच घाईने खणले होते, आणि २ जानेवारी २०२४ ला हेंक वादळाचा पाऊस आला. खड्डा एका दिवसात भरून ओसंडला. ज्यांना मुळात हे पटलं नव्हतं त्यांना आयतं कोलीत मिळालं. खरं तर वर शेत उघडं असताना नुसत्या खड्ड्याकडून अपेक्षाच चुकीची होती. जून २०२४ चा नमुना आधीच्या वर्षाइतकाच वाईट निघाला.

पण त्या हंगामाच्या शेवटी वहीने पहिल्यांदा खरं सांगितलं. खालच्या पट्ट्यात नोंदलेल्या माशांत बहुतेकांच्या पोटावर निळा ठिपका होता. इतकी वर्षं ज्याला आम्ही नदीचं पीक समजत होतो ते विकत आणलेलं होतं. वरच्या पट्ट्यात मासे थोडे लागले, लहान लागले, ठिपका अर्थात एकालाही नव्हता. दहाएक सभासद सोडून गेले. प्रतीक्षायादीतल्या लोकांनी जागा भरल्या, त्यातले बरेच तरुण आणि वरच्या पट्ट्यासाठीच आलेले.

शरद २०२४ मध्ये मका सप्टेंबरात निघाला, खाली गवत होतं. त्या हिवाळ्यात पांदीतून पाणी आलं, पण बरंच फिकं. जून २०२५ मध्ये पांदीच्या खालच्या जागेवर ब्लू-विंग्ड ऑलिव्हच्या अळ्या पुन्हा सापडल्या, आणि गुण किमान पातळीच्या थोडे वर गेले. याचं सगळं श्रेय मक्याखालच्या गवताला द्यायला मी तयार नाही. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ या काळात इंग्लंडमध्ये नोंदींतला विक्रमी पाऊस पडला; भूजल भरलं आणि २०२४ मध्ये नदीला असा जोर होता की तिने स्वतःच बरीच खडी धुतली असणार. २०२५ चा वसंत उलट फार कोरडा होता, म्हणजे माती वाहून यायला पाऊसच नव्हता. एका चांगल्या नमुन्यावरून निकाल लावायचा तर आम्ही पुन्हा वहीच्याच मार्गाने जाऊ.

भाडेकरार झाला. भाडं थोडं वाढलं, पांदीची डागडुजी क्लबकडे असं एक कलम आलं.

वेगळं काय करता आलं असतं

नमुन्याच्या जागा. गाडी पोचते तिथे मोजायचं ही सोय होती. पहिल्याच वर्षी एक जागा केंद्राच्या वर आणि एक अगदी उगमाकडे असती, तर दोन हिवाळे वाचले असते आणि वकिलाच्या मसुद्याची वेळ आली नसती. जिथे बिघाड असेल असं वाटतं तिथे मोजण्याइतकंच, जिथे नसेल असं वाटतं तिथेही मोजायला हवं.

निळा ठिपका तर कोणत्याही वर्षी मारता आला असता. तो न मारण्यामागे कोणाचा डाव नव्हता. उत्तर नकोसं असेल असं मनात कुठेतरी होतं, म्हणून प्रश्न विचारला गेला नाही, एवढंच.

तापमानाचा नियम हंगामाच्या मध्यात करायला नको होता. तो योग्यच होता, पण वर्गणी घेण्याआधी सांगितला असता तर २०२२ चं भांडण टळलं असतं, आणि जुन्या सभासदांचं किड्यांबद्दलचं म्हणणं त्या गदारोळात बुडालं नसतं.

सांडपाणी केंद्राचं प्रकरण आता मागे पडलं आहे, ही माझी सध्याची सर्वात मोठी काळजी. गाळ पांदीतून येत होता हे सिद्ध झालं म्हणून केंद्रातून येणारं फॉस्फरस निर्दोष ठरत नाही. गाळ आणि फॉस्फरस एकत्र असले की ब्लू-विंग्ड ऑलिव्हच्या अंड्यांचं नुकसान अधिक होतं. समितीत मात्र तो विषय काढला की लोक म्हणतात, तो तर निकालात निघाला होता ना.

शेतकऱ्याच्या योजनेचे पैसे तीन वर्षांचे आहेत. मार्च २०२५ मध्ये सरकारने त्या योजनेत नवे अर्ज घेणं अचानक थांबवलं. त्याचा करार चालू आहे, पण तो संपल्यावर गवताच्या पट्ट्यासाठी पैसे कोण देणार हे ठरलेलं नाही. खजिनदाराचं म्हणणं, खालच्या पट्ट्यातले उरलेले निम्मे मासेही बंद करून ते पैसे आतापासून बाजूला टाकावेत. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव आहे, आणि मतं अजून जवळजवळ निम्मी निम्मी आहेत.